दहा टक्के भुकटीचा हिशेब

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कण धरून ठेवणारा बाइंडर म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वाळूत बेंटोनाइट कमी पडलं की साचा ढासळतो, फार झालं की वायूला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या येतात. कोल्हापुरातल्याच बॅटरी प्रयोगशाळांत मात्र हा शब्द प्रबंधात एकदाच भेटतो : ‘पीव्हीडीएफ १० टक्के वापरले.’ पीव्हीडीएफ म्हणजे पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड, इलेक्ट्रोडची पूड धातूच्या फॉइलवर धरून ठेवणारं बहुलक (पॉलिमर). पण कोणतं पीव्हीडीएफ, किती रेणुभाराचं (म्हणजे किती लांब साखळीचं), लेप दिला त्या दिवशी खोलीत आर्द्रता किती होती, यातलं काहीच नाही. वर्तमानपत्रांतल्या बातम्याही नव्या कॅथोडच्या (धन ध्रुवाच्या), सिलिकॉनच्या, सोडियमच्या. म्हणून हे पत्र त्या दहा टक्क्यांबद्दल.

कोल्हापुरात असं होण्यामागे एक कारण आहे आणि ते कौतुकाचंच आहे. शिवाजी विद्यापीठात आणि आसपासच्या महाविद्यालयांत पातळ थरांचं काम अनेक वर्षं चाललं आहे. रासायनिक द्रावणात स्टीलची पट्टी बुडवायची आणि पदार्थ तिच्यावरच वाढवायचा. तिथे चिकटवायला वेगळं काही लागत नाही. सुपरकपॅसिटरकडून लिथियम-आयनकडे वळताना हातात येते ती सुटी पूड, आणि ती फॉइलवर बसवावी लागते. मग ८०:१०:१० हे प्रमाण कुठूनतरी उचललं जातं : ८० भाग सक्रिय पदार्थ, १० वाहक कार्बन, १० बाइंडर. वजनात दहा टक्के किरकोळ वाटतात. पण पीव्हीडीएफची घनता १.७८ आणि एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) कॅथोडची ४.७ च्या आसपास. आकारमानाने मोजलं तर घन भागाचा पाचवा हिस्सा बाइंडरच भरतो, आणि हा बाइंडर विजेचा दुर्वाहक असतो. कारखान्यात तो दीड ते तीन टक्क्यांवर भागवतात. प्रयोगशाळेत दहा टक्के वापरायला हरकत नाही, कारण पूड बारीक असते आणि मिसळायला खलच असतो. फक्त त्या आकड्यांवरून ‘कारखान्यात वापरण्याजोगा इलेक्ट्रोड’ असा निष्कर्ष काढू नये.

पहिली चूक होते ती खरेदीत. रसायनांच्या यादीत ‘पीव्हीडीएफ’ या एकाच नावाखाली १,८०,००० रेणुभाराचाही माल असतो, २,७५,००० चाही आणि ५,३४,००० चाही. बॅटरीसाठी खास बनवलेल्या प्रतींचा रेणुभार सहा लाखांपासून दहा लाखांच्या वर जातो. रेणुभार जितका मोठा तितकी पकड चांगली, म्हणून कमी भुकटीत काम भागतं. मात्र द्रावण दाट होतं आणि विरघळायला वेळ लागतो. स्वस्त म्हणून गोळ्या मागवू नयेत. त्या प्लास्टिक ओतकामासाठी असतात, विरघळता विरघळत नाहीत आणि लेप नखाने सुटतो. दुसरा गोंधळ पीव्हीडीएफ-एचएफपीचा. हा सहबहुलक ॲसिटोनमध्ये विरघळतो, इलेक्ट्रोलाइट शोषून बराच फुगतो आणि तो मुख्यतः जेल इलेक्ट्रोलाइटसाठी बरा. बाटलीवर फक्त ‘पीव्हीडीएफ’ वाचून तो कॅथोडमध्ये घातला, तर पहिली काही चक्रं छान जातात आणि मग लेप फॉइलवरून उचलायला लागतो. शिवाय भुकटी इमल्शन पद्धतीने बनवलेली की सस्पेन्शन पद्धतीने, हे पुरवठादाराच्या माहितीपत्रकात पाहावं. पहिली बारीक असते आणि लवकर विरघळते, दुसरी जाडसर असते आणि वेळ घेते. दोन्हींना एकच वेळापत्रक लावलं की अर्धवट विरघळलेले कण लेपात दाण्यासारखे उमटतात.

आता द्रावण. १ ग्रॅम पीव्हीडीएफ आधी ६० ते ८० अंश सेल्सिअसवर निर्वात भट्टीत रात्रभर ठेवावं. भुकटी स्वतः पाणी फारसं धरत नाही, पण पृष्ठभागावरची ओल गेलेली बरी. ती स्थिर विजेने उडते आणि प्लास्टिकच्या ताटलीला चिकटून बसते, म्हणून काचेच्या पात्रात तोलावी. १९ ग्रॅम, म्हणजे साडेअठरा मिलिलिटरच्या आसपास, कोरडं एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन, पीव्हीडीएफ विरघळवणारा द्रावक) घ्यावं. त्यातल्या पाण्याचं प्रमाण ०.०२ टक्क्यांखाली हवं. भुकटी थोडी थोडी टाकत, झाकण लावून, ५० ते ६० अंशांवर चारपाच तास किंवा रात्रभर ढवळावी. घाईने तापमान चढवलं की द्रावण पिवळं पडतं. हे झालं ५ टक्क्यांचं द्रावण. १ ग्रॅम घन पदार्थासाठी ०.८ ग्रॅम सक्रिय पूड आणि ०.१ ग्रॅम कार्बन खलात पंधरा-वीस मिनिटं कोरडे घोटायचे, मग २ ग्रॅम द्रावण घालायचं. त्यातून ०.१ ग्रॅम बाइंडर येतो. ही स्लरी, म्हणजे लेपाचं ओलं मिश्रण, गुऱ्हाळावरच्या काकवीसारखी संथ, अखंड धारेने पडली पाहिजे. पांढऱ्या रश्शाइतकी पातळ झाली तर जड कण खाली बसतात आणि लेपाचा एक कोपरा श्रीमंत, दुसरा गरीब होतो. दाट वाटली तर एनएमपी थेंबाथेंबाने वाढवावं. एकदा जास्त पडलं की परत काढता येत नाही.

इथवरचं कुठल्याही पुस्तकात सापडेल. जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापुरात जे होतं ते सापडत नाही. एनएमपी हवेतलं पाणी झपाट्याने ओढतं आणि पीव्हीडीएफला पाणी चालत नाही. पाण्याचा अंश वाढला की ते द्रावणातून बाहेर पडतं आणि सच्छिद्र, भुसभुशीत जाळं तयार होतं. पाणी गाळायचे पीव्हीडीएफचे पडदे मुद्दाम याच गुणावर बनवतात. इलेक्ट्रोडमध्ये मात्र याचा अर्थ असा की लेप वरून नीट दिसतो आणि बोट फिरवलं की काळं बोटाला लागतं. स्लरी काळी असल्यामुळे हा बिघाड डोळ्यांना दिसत नाही, आणि विद्यार्थी महिनाभर सक्रिय पदार्थाला दोष देत बसतो. हे आधीच ओळखायची सोपी चाचणी आहे. नुसत्या बाइंडर द्रावणाचा थेंब काचपट्टीवर पसरून दहा मिनिटं उघडा ठेवावा. पारदर्शक राहिला तर लेप द्यायला हरकत नाही. दुधाळ झाला तर त्या दिवशी स्लरी करू नये. एसी चालू आहे म्हणजे हवा कोरडी आहे, असं धरून चालू नये. हवा थंड केली की तिची पाणी धरण्याची क्षमता घटते, त्यामुळे थंडगार खोलीतही आर्द्रतामापक ७० टक्के दाखवू शकतो. तो मापक भिंतीवर हवाच, आणि पीव्हीडीएफच्या कामासाठी आकडा ४० च्या खाली आणायला डीह्युमिडिफायर हवा.

निकेल जास्त असलेल्या कॅथोडमध्ये, उदाहरणार्थ एनएमसी ८११ मध्ये, पावसाळा आणखी एक खोडी करतो. या पुडीच्या पृष्ठभागावर लिथियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट उरलेलं असतं, ओल मिळाली की ते वाढतं. हा अल्कली पीव्हीडीएफमधून हायड्रोजन फ्लोराइड काढून घेतो, साखळीत दुहेरी बंध तयार होतात, साखळ्या एकमेकींत अडकतात आणि स्लरीची जेली होते. नुसत्या द्रावणात हा प्रकार घडला तर रंग आधी तपकिरी होतो, मग गडद. जेली झालेली स्लरी एनएमपी वाढवून सुधारत नाही. ती टाकूनच द्यावी लागते. पूड उघडी ठेवू नये, स्लरी झाली की त्याच दिवशी लेप द्यावा, आणि शक्य असेल तर हे काम कोरड्या खोलीतच करावं. एलएफपीला (लिथियम आयर्न फॉस्फेट कॅथोडला) ही तक्रार जवळजवळ नाही. सुरुवात करणाऱ्यांनी एलएफपीपासूनच करावी, असं आमचं मत यावरूनच झालं आहे.

लेप देताना कॅथोडला ॲल्युमिनियम फॉइल १५ ते २० मायक्रॉन, ॲनोडला (ऋण ध्रुवाला) तांब्याची ९ ते १० मायक्रॉन. अदलाबदल चालत नाही : कमी विभवाला (व्होल्टेजला) ॲल्युमिनियम लिथियमशी मिश्रधातू करतं, आणि वरच्या विभवाला तांबं विरघळतं. डॉक्टर ब्लेडची (लेप सारखा पसरवणाऱ्या पात्याची) फट १०० ते १५० मायक्रॉन ठेवली तरी ओला थर तिच्या निम्म्याच्या आसपासच येतो, हे गृहीत धरावं.

मग वाळवणं. इथली घाई सर्वांत महागात पडते. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना कारण लगेच कळेल. खालचं पाणी वर चढतं, उडून जातं आणि मीठ पृष्ठभागावर ठेवून जातं. लेप एकदम १२० अंशांवर ठेवला की एनएमपी तसंच वर धावतं आणि बाइंडरला सोबत नेतं. वर बाइंडरची साय, खाली फॉइललगत उपाशी थर. अशा पट्टीतून चकत्या पंच केल्या की कडा सुटतात. आधी ६० अंशांवर, पंख्याचा झोत न लावता, दोनतीन तास. लेप कोरडा दिसल्यावर निर्वात भट्टीत ११० ते १२० अंशांवर बारा तास. एनएमपी २०२ अंशांना उकळतं, त्यामुळे निर्वाताशिवाय ते पूर्ण निघत नाही. चकती पंच करायच्या आधी पट्टी ५ मिलिमीटर जाडीच्या सळईभोवती वळवून पाहावी, आणि साधी चिकटपट्टी दाबून १८० अंशांच्या कोनात मागे ओढावी. चिकटपट्टीवर काळा थर फॉइलपासून पूर्ण सुटून आला तर दोष तळाशी आहे. वरचाच पापुद्रा आला तर मिसळण्यात.

वजनाबद्दल एक हिशेब सांगायलाच हवा. १२ मिलिमीटर व्यासाच्या चकतीचं क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर. १५ मायक्रॉन ॲल्युमिनियमचं वजन ४.६ मिलिग्रॅम. दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप असेल तर त्यातला सक्रिय पदार्थ जेमतेम १.८ मिलिग्रॅम. ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या तराजूवर एवढीच चूक झाली तरी ती सुमारे साडेचार टक्क्यांची, आणि एलएफपीची दर ग्रॅमला १६० मिलिॲम्पिअर-तासांची क्षमता कागदावर १६७ होते. कोऱ्या फॉइलच्या दहा चकत्या तोलून सरासरी काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

पाण्यात विरघळणाऱ्या बाइंडरकडे कोल्हापूरसारख्या ठिकाणी जास्त लक्ष जायला हवं. ग्रॅफाइट ॲनोड जगभरात सीएमसी आणि एसबीआर (स्टायरीन-ब्युटाडाइन रबर) यांच्या जोडीवर बनतात. सीएमसी म्हणजे सोडियम कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज. यातही ९०,०००, २,५०,००० आणि ७,००,००० असे रेणुभार आणि ०.७, ०.९, १.२ अशा प्रतिस्थापनाच्या पायऱ्या (सेल्युलोजच्या दर शर्करा-एककाला सरासरी किती गट जोडले, ते आकडे) मिळतात. ग्रॅफाइटला कमी पायरीचं जास्त धरतं, जास्त पायरीचं पाण्यात सहज मुरतं. २ टक्क्यांचं द्रावण करताना पिठलं करताना बेसन भुरभुरतात तसं, ढवळत्या पाण्याच्या भोवऱ्यात भुकटी चिमटीचिमटीने सोडावी. एकदम ओतली की बाहेर चिकट साल आणि आत कोरडं पीठ अशा गुठळ्या होतात. त्या रात्रभर ढवळूनही जात नाहीत. सीएमसी उघड्या बाटलीत आठ-दहा टक्के पाणी धरून बसते. म्हणजे तोललेल्या एका ग्रॅमात खरी सीएमसी ०.९ ग्रॅम. १०५ अंशांवर दोन तास ठेवून घट काढावी आणि तेवढं वजन वाढवून घ्यावं. द्रावण खोलीत ठेवलं तर त्यात बुरशी वाढते आणि दाटपणा उतरतो. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवावं. एसबीआर ही भुकटी नाही, ४० ते ५० टक्के घन भाग असलेलं दुधासारखं इमल्शन आहे. ते सर्वांत शेवटी, हळू ढवळत घालावं. जोरात फिरवलं तर ते फाटतं, आणि फ्रीजरमध्ये गोठलं तरी फाटतं.

सिलिकॉनसाठी पॉलिॲक्रिलिक ॲसिड, म्हणजे पीएए. लिथियम घेताना सिलिकॉन तिप्पटीहून अधिक फुगतं. पीव्हीडीएफची पकड वरवरची, ती सुटते. पीएएचे आम्लगट सिलिकॉनवरच्या ऑक्साइड थराशी बंध करतात. नुसतं पीएए वाळताना तडकतं, म्हणून ते अंशतः उदासीन करतात. ८० टक्क्यांसाठी १ ग्रॅम पीएएला ०.४७ ग्रॅम लिथियम हायड्रॉक्साइड मोनोहायड्रेट. ते आधी पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने घालावं, नाहीतर जागीच जेल होते. समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटने सिलिकॉन ॲनोड टिकतो, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. आपल्याकडे राजस्थानातल्या गवारीचा डिंकही असाच शर्करेची लांब साखळी असलेला. मात्र किराणा दुकानातला गवार डिंक तसाच घालून ‘हरित बाइंडर’ असा शोधनिबंध लिहू नये. त्यातली प्रथिनं, राख आणि न विरघळणारा कोंडा काढल्याशिवाय दोन पोत्यांचे आकडे जुळणार नाहीत.

पाण्याची पद्धत कॅथोडला सरसकट लावता येत नाही. एलएफपीला चालते. निकेलवाला कॅथोड पाण्यात टाकला की लिथियम बाहेर येतं, सामू (पीएच) ११-१२ पर्यंत चढतो, आणि ॲल्युमिनियम ८.५ सामूच्या वर झिजतं. हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, लेपाला टाचणीएवढी भोकं पडतात. कार्बनचा थर दिलेली फॉइल आणि किंचित फॉस्फोरिक ॲसिड यांनी सुसह्य होतं. पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) तंतूंनी द्रावकाविना इलेक्ट्रोड लाटण्याची पद्धत आकर्षक आहे, पण ॲनोडच्या विभवाला पीटीएफई टिकत नाही, आणि त्यासाठी लागणारे तापते रोलर सध्या महाविद्यालयांच्या आवाक्यात नाहीत. तो विषय इथेच सोडतो.

एनएमपीचा वास फारसा त्रासदायक नाही, आणि धोका त्यातच आहे. ते त्वचेतून शरीरात जातं आणि गर्भाला हानी करतं. युरोपीय संघात ९ मे २०२० पासून कामगारांसाठी हवेतली मर्यादा घनमीटरला १४.४ मिलिग्रॅम आहे. दवाखान्यातले लॅटेक्सचे हातमोजे इथे निरुपयोगी. ब्यूटाइल रबर चांगलं, नायट्राइल वापरलं तर दुहेरी आणि थेंब पडताच बदलायचं. भट्टीचं तोंड धुराड्याखाली हवं. गरोदर विद्यार्थिनीला हे काम देऊ नये, आणि त्यासाठी तिच्यावर कारण सांगण्याची वेळही येऊ देऊ नये. पीव्हीडीएफ लागलेली फॉइल धातूसाठी जाळायला भट्टीत टाकणं आणखी वाईट. ३५० अंशांच्या पुढे ते विघटित होऊन हायड्रोजन फ्लोराइड सोडतं. फाउंड्रीत भंगार देताना हे आधी सांगायला हवं.

बेसिनबद्दल थोडं नेमकं बोलू. एनएमपी स्वतः जैवविघटनशील आहे. पण खल धुतलेल्या पाण्यातलं निकेल, कोबाल्ट आणि फ्लोरिनयुक्त बहुलक तसं नाही, आणि शहराचं सांडपाणी जयंती नाल्यामार्गे पंचगंगेकडेच जातं. पहिली दोन धुणी वेगळ्या एचडीपीई प्लास्टिकच्या कॅनमध्ये, लेबल आणि तारखेसह. घातक कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत. एका महाविद्यालयाचा वर्षाचा कचरा पाच-दहा लिटर, त्यासाठी रांजणगावहून गाडी येणार नाही. सात-आठ संस्थांनी मिळून, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला विचारून, वर्षातून एकच फेरी ठरवावी.

विद्यापीठाकडे एक मागणी. बॅटरीवरच्या प्रबंधात बाइंडरसाठी एक छापील तक्ता सक्तीचा करावा : बहुलकाचं पूर्ण नाव, रेणुभार, पुरवठादाराचा बॅच क्रमांक, द्रावक आणि त्यातलं पाणी, द्रावणाची टक्केवारी, लेपाच्या वेळची आर्द्रता, वाळवण्याचं तापमान आणि वेळ, दर चौरस सेंटिमीटरचं वजन. परीक्षकांनी तो रिकामा दिसल्यास तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथूनच विचारावा. आणि खरेदी एकत्र करावी. चार प्रयोगशाळांनी चार वेगवेगळ्या प्रती घेण्याऐवजी एकाच बॅचची बाटली नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना फोडावी, ५-५ ग्रॅमच्या काचेच्या कुप्या भराव्यात, झाकणावर पॅराफिल्म गुंडाळावी आणि सिलिका जेलच्या डब्यात ठेवाव्यात. पीव्हीडीएफची कुपी वर्षभर तशीच राहते. सीएमसी आणि पीएएच्या कुप्या मात्र उघडल्या की त्याच आठवड्यात वापरायच्या.

आपले,
बॅटरी इलेक्ट्रोडवर काम करणारे काही जण,
कोल्हापूर